फाट्यावरचा हुप्प्या

चित्रपटातला गोरिला सहसा गोरिला नसतो. १९३३ च्या ‘किंग काँग’साठी मरे स्पिव्हॅक हा ध्वनितंत्रज्ञ प्राणिसंग्रहालयात गेला, सिंहाच्या आणि वाघाच्या डरकाळ्या टिपून आणल्या, त्या संथ केल्या, उलट्या फिरवल्या, एकीत एक मिसळल्या आणि काँग बोलू लागला. छाती बडवण्याचा आवाज मात्र कशानेच जमेना. शेवटी एका सहकाऱ्याच्या पाठीला मायक्रोफोन टेकवला आणि टिपरी त्याच्याच छातीवर हाणली. आमच्या धंद्यात नव्या पोराला ही गोष्ट पहिल्या आठवड्यातच सांगतात, आणि तीही अभिमानाने. मीही अनेकांना सांगितली आहे.

मी मुंबईत ध्वनीचं काम करतो. शूटिंगवर बूम धरण्यापासून सुरुवात झाली, मग स्टुडिओत बसून मालिकांचे, चित्रपटांचे, अधूनमधून माहितीपटांचे आवाज रचू लागलो. जंगलाचा प्रसंग आला की सगळ्यांच्या हार्ड डिस्कवर तेच जुने ट्रॅक निघतात. हॉलिवूडच्या टारझनपटांनी रूढ केलेल्या जंगलात एक पक्षी खदाखदा हसतो. तो ऑस्ट्रेलियाचा कुकाबरा. एका पौराणिक मालिकेत पर्णकुटीच्या दृश्यामागे तो मी स्वतः ऐकला आहे. दंडकारण्यात कुकाबरा! पण कुणाची तक्रार आली नाही, आणि तक्रार नाही म्हणजे काम बरोबर झालं, असा आमच्याकडचा हिशेब.

एका जाहिरातीसाठी गोरिला हवा होता तेव्हा मी पहिल्यांदा खऱ्या गोरिलाचा आवाज शोधून ऐकला, आणि तो जाहिरातीच्या काहीच उपयोगाचा नव्हता. खरा गोरिला दिवसभर घशातल्या घशात बोलतो. ढेकर दिल्यासारखा लांबट, समाधानी हुंकार, मधेच खाकरणं, आवडीचा पाला मिळाला की खाता खाता गुणगुणणं. डायन फॉसी या संशोधिकेने १९६७ साली रवांडात, करिसिंबी आणि विसोके या दोन ज्वालामुखींच्या मधल्या खिंडीत करिसोके नावाचं ठाणं मांडलं. तो ढेकरेचा हुंकार ती स्वतः काढायला शिकली. गोरिलांच्या जवळ जाताना तो काढायचा, म्हणजे आलेला प्राणी भांडायला आलेला नाही हे त्यांना कळतं. १९७२ मध्ये तिने त्यांच्या आवाजांवर शोधनिबंध लिहिला. छाती बडवणं तर चित्रपटाने पार उलटं दाखवलं. गोरिला मुठी आवळून ठोसे मारत नाही, तळवे किंचित पोकळ धरून थापा मारतो, त्यामुळे तो आवाज दाट जंगलातही दूरवर, एक किलोमीटरपर्यंत ऐकू जातो. २०२१ मध्ये काही संशोधकांनी सहा नरांच्या छत्तीस थापांच्या मालिका तपासल्या आणि दाखवलं की अंगाने मोठ्या नराच्या थापेचा स्वर खालचा असतो. म्हणजे न दिसणाऱ्या नराचं आकारमान दुसऱ्या नराला ऐकूनच समजत असणार, आणि बहुतेक मारामाऱ्या तिथेच टळत असणार. हे वाचल्यावर आपणही एकदा तो आवाज टिपून आणावा असं फार वाटलं. मग रवांडातल्या परवान्याचा दर पाहिला. गोरिलांच्या सहवासात एक तास, १५०० डॉलर. मायक्रोफोनचं भाडं वेगळं.

माझं आजोळ वारंगा फाट्यापासून सायकलच्या अंतरावर आहे. हिंगोलीहून कळमनुरी, आखाडा बाळापूर करत नांदेडकडे जाणारा रस्ता आणि नागपूरहून यवतमाळ, उमरखेड, हदगाव करत तुळजापूरकडे जाणारा रस्ता या फाट्यावर मिळतात. मराठवाड्यातल्या कित्येकांनी हे ठिकाण फक्त एस.टी. बदलण्यापुरतं पाहिलेलं असतं. रात्री-बेरात्री उतरायचं, गरम खिचडी आणि भजी खायची, पुढची गाडी धरायची. ध्वनिमुद्रणाला यापेक्षा वाईट जागा शोधूनही सापडायची नाही. पण फाट्यापासून थोडं आत, मामांच्या शेताच्या बांधावर जुनी चिंच आहे, पलीकडे कॅनॉलच्या कडेला लिंबाची आणि करंजाची झाडं आहेत, आणि तिथे काळ्या तोंडाच्या वानरांची एक टोळी मुक्कामाला असते. एक हुप्प्या, बाकी माद्या आणि पोरं. रस्ते रुंद झाले तेव्हा कडेच्या वडा-चिंचांवर राहणाऱ्या टोळ्या अशाच आत, शेतांमध्ये सरकल्या, असं मामा सांगतात. वानर म्हणजे काही गोरिला नव्हे. त्याला शेपूट आहे, आणि गोरिलाचं आपल्याशी जेवढं जवळचं नातं, तेवढं वानराचं नाही. तरी एका मोठ्या नराने घसा फोडून आपला ताबा जाहीर करायचा आणि त्यावर बाकीच्यांचा दिवस ठरायचा, ही तऱ्हा दोन्हीकडे आहे. आणि याला परवाना लागत नव्हता, मामीच्या हातची भाकरी मिळत होती.

हिवाळ्यात गेलो. तेव्हाच कळलं की या कामाचं वेळापत्रक वानरं ठरवत नाहीत, लाईट ठरवते. शेतीची थ्री-फेज लाईट काही दिवस दिवसा असते आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायला सगळं शिवार जागं. विहिरीवरच्या मोटारींची गुणगुण चहूबाजूंनी सुरू होते, आणि ती हेडफोनमध्ये इतकी चिवटपणे बसते की बाकी काही ऐकू येत नाही. शिवाय गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या. ट्रॅक्टरवर मोठे स्पीकर, त्यावर गाणी, ड्रायव्हरला झोप लागू नये म्हणून. त्याचं खरंच आहे, पण माझ्या कित्येक पहाटा त्या गाण्यांनी खाल्ल्या.

मग येतो रस्ता. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते. अशा वेळी आवाज वर उडून न जाता खाली वाकतो आणि लांबवर पोचतो. दिवसा मामांच्या शेतात ऐकूही न येणारा हायवे पहाटे चारला उशाशी येऊन बसतो. याच गार थराचा फायदा हुप्प्यालाही मिळतो, त्याची हाकही तितकीच लांब जाते. निसर्गाने दोघांना एकच वाट दिली आहे. फाट्यावरचे बरेच ट्रकवाले पहाटेच्या सुमाराला धाब्यावर गाडी लावून पडतात, आणि त्यानंतर पहिल्या एस.ट्या सुरू होईपर्यंत घरघर थोडी विरळ होते. हुप्प्याची पहिली हाक मला बहुतेक वेळा याच फटीत मिळाली. त्याने ही फट ओळखली आहे असं म्हणण्याचा मोह होतो. पण हायवे नसलेल्या रानातही वानरं उजाडायच्या आधीच हाका देतात, तेव्हा तो मोह आवरलेला बरा.

त्या हाकेबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण लांबून ऐकणारा तिचा अर्धाच भाग ऐकतो. चिंचेखाली, खोडापासून थोडं दूर, खताच्या गोणीवर मी बसलेला. मायक्रोफोनला केसाळ विंडशील्ड, तरी पानांवरून ठिबकणारं दव त्यावर पडतं ते ऐकू येतं. वर काळोखात आधी एक फांदी हलते. मग दुसरी, जोरात. हुप्प्या हाक देण्याआधी आणि देताना या फांदीवरून त्या फांदीवर दणादण उड्या मारतो, त्यामुळे पहिला ‘हूप’ येतो तो सुक्या चिंचा खाली पडण्याच्या आवाजातून. हूप, हूप, हूप, प्रत्येक हाक पोटातून, आणि मधे श्वास आत ओढल्याचा घोगरा आवाज. जवळून हे इतकं मोठं असतं की रेकॉर्डिंगची पातळी आधीच खाली धरून ठेवावी लागते, नाहीतर आवाज फाटतो. पातळी खाली धरली की नंतरचं नाजूक हातून जातं. आणि खरी मजा नंतरच असते. हाका संपल्यावर हुप्प्या स्थिर बसतो आणि सुळ्यावर सुळा घासतो. कर्र, कर्र. कुणी जुनं दार सावकाश लोटावं तसा आवाज. तो ऐकायला झाडाखालीच असावं लागतं, दहा पावलांवर तो विरून जातो. हाक सगळ्या शिवाराला असते, हे दात वाजवणं बहुधा जवळच्यांनाच. मला त्याचा एक बरा तुकडा मिळायला अख्खा हिवाळा गेला. त्या तुकड्यातही अखेरीला फाट्यावरच्या ट्रकचा एअर हॉर्न आहे.

मामांना या सगळ्याची गंमत वाटायची. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “काय करायलास रे इथं अंधारात?” सांगितल्यावर म्हणाले, “वानराचा आवाज? अरे, ते घरी बसून बी येतो की.” पण हेडफोन लावून दिल्यावर बराच वेळ काढेनात. मला स्टुडिओत शिकायला वर्षं लागली ते त्यांच्या कानाला आधीच ठाऊक होतं. वानरं खाकरल्यासारखं ओरडू लागली की मी सावध व्हायचो, मामा विळा खाली न ठेवता सांगायचे, “कुत्रं आहे.” थोड्या वेळाने बांधावरून कुत्रं यायचंच. एकदा म्हणाले, “हे आपल्यातल्या आपल्यात भांडायलेत, ध्यान देऊ नको.” कान्हाच्या जंगलात वाघ शोधणारे वाटाडे वानराच्या याच खाकरण्यावर विसंबतात. १९५९-६० मध्ये विरुंगाच्या डोंगरात गोरिलांच्या मागे हिंडलेला जॉर्ज शॅलर पुढे १९६३ मध्ये कान्हाला आला, त्याच्याही कानावर हे पडलंच असणार. आमच्या शिवारात वाघ नाही, म्हणून ती भाषा कुत्र्यांवर खर्च होते.

गावातल्या लोकांना मात्र वानरांपेक्षा वेगळ्याच आवाजाची ओढ होती. कळमनुरी, वसमत, औंढा या तालुक्यांतल्या कित्येक गावांत जमिनीतून गूढ आवाज येतात आणि अधूनमधून धक्केही बसतात. २१ मार्च २०२४ ला पहाटे सहाच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा नांदेड-परभणीपर्यंत लोक घराबाहेर आले होते. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी पुन्हा तेवढाच. त्यामुळे पारावर बसलेला प्रत्येक माणूस माझी पेटी पाहून एकच विचारायचा, “तुह्या यंत्रात भुईतला आवाज बी येतो का रे?” माझा मायक्रोफोन त्या कामाचा नाही, त्याला भूकंपमापक लागतो, हे मी सांगत राहिलो. जुलैच्या त्या सकाळी मी मुंबईत होतो, पण एक छोटा स्वयंचलित रेकॉर्डर चिंचेला बांधून ठेवलेला होता. तळहातावर मावणारं, तीन पेन्सिल सेलवर चालणारं हे यंत्र आता जगभरचे वन्यजीव संशोधक वापरतात, तशातलंच एक. त्याच्या कार्डात सव्वासातच्या सुमारास गोठ्याचे पत्रे खडखडलेले ऐकू येतात, बादली पडते, म्हैस हंबरते आणि मामी मोठ्याने देवाचं नाव घेते. भुईचा आवाज म्हणून वेगळा काढून दाखवावा असं त्यात काही नाही. प्राण्यांना आधी कळतं असं लोक म्हणतात, म्हणून मी आधीचा भागही कान देऊन ऐकला. वानरं त्यात नाहीतच, बहुतेक तेव्हा झाडावर नसावीत. गावाने तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. माझ्या आजवरच्या कामातला सर्वांत लोकप्रिय तुकडा तोच, आणि त्यात एकही रानटी प्राणी नाही.

तो रेकॉर्डर वानरांच्या पोरांनाही आवडला. कार्डावर एका दुपारचा बराच भाग फक्त प्लॅस्टिकचं टाय चावण्याचा आहे. कुरतडणं, थांबणं, वास घेतल्याचा श्वास, परत कुरतडणं. इतक्या जवळून मी माणसाचाही आवाज कधी घेतलेला नाही.

याच रेकॉर्डरने पुढच्या वर्षी टोळीतला बदल पकडला. काही पहाटा दोन वेगवेगळ्या हाका येत राहिल्या, एक चिंचेवरून, दुसरी कॅनॉलच्या बाजूने. संगणकावर आवाजाचं चित्र उमटवून पाहिलं तर दोघांचे हूप शेजारी शेजारी ठेवून डोळ्यांनी ओळखता येत होते. एकाची हाक आखूड आणि दाट, दुसऱ्याची लांब. काही दिवसांनी चिंचेवरून लांब हाक येऊ लागली आणि आखूड हाक बंद झाली. मामांनी फोनवर तेच सांगितलं, हुप्प्या बदलला. एक मादी मेलेलं पिल्लू पोटाशी धरून हिंडायली, हे मामीने सांगितलं. धारवाडजवळच्या रानात युकिमारू सुगियामा या जपानी शास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या काही वर्षांत हेच पाहिलं होतं. नवा नर टोळी काबीज करतो आणि आधीच्या नराची पिल्लं मारतो. तेव्हा लोकांना ते पटलं नव्हतं. आमच्या चिंचेवर नेमकं काय झालं ते कुणी पाहिलं नाही. माझ्याकडे त्या दिवसांतल्या किंचाळ्या आहेत. त्या मी कुठल्याही चित्रपटाला दिलेल्या नाहीत.

देण्याचा प्रश्न निघालाच आहे तर सांगतो. हुप्प्याच्या हाका मी मोठ्या हौसेने एका दिग्दर्शकाला ऐकवल्या. त्याला आवडल्या, फक्त “मागचा ट्रॅफिक काढून दे” म्हणाला. आमच्याकडे यासाठी लो-कट नावाची सोय असते, खालच्या पट्टीतलं सगळं छाटून टाकायचं. छाटलं. ट्रक गेले, आणि त्यांच्याबरोबर हुप्प्याचं पोटही गेलं, कारण त्याची हाकही त्याच खालच्या पट्टीत राहते. उरला तो रबरी बाहुल्यासारखा चिरका आवाज. नव्या सॉफ्टवेअरने बरंच जमतं हल्ली, ट्रक वेगळा, पक्षी वेगळा, वारा वेगळा अशा फोडी निघतात. पण त्या फोडींतून निघालेला हुप्प्या कुठल्याच जागेचा राहत नाही, दूर काय, जवळ काय, गार पहाट आहे की दुपार, काही कळत नाही. मला त्यात आणि मरे स्पिव्हॅकच्या काँगमध्ये फारसा फरक दिसेना. बरं, स्पिव्हॅकने निदान काँग खरा असल्याचा दावा केला नव्हता.

आवाज टिपण्याच्या इतिहासाची सुरुवातही काही रानात झालेली नाही. पक्ष्याच्या गाण्याचं उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं ध्वनिमुद्रण १८८९ मधलं. जर्मनीत लुडविग कोख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर घेतलेलं. गाणारा पक्षी शामा, आपल्या सह्याद्रीतही राहणारा. पण तो त्या मुलाच्या घरातल्या पिंजऱ्यात होता.

एका माहितीपटाच्या निमित्ताने आसामात जोरहाटजवळच्या होलोंगापार अभयारण्यात गेलो होतो. भारतात गोरिलाचा त्यातल्या त्यात जवळचा नातेवाईक म्हणजे तिथला हुलॉक गिबन, बिनशेपटीचा. सकाळी नर आणि मादी मिळून गातात, एकाने सुरू केलं की दुसरं त्यात शिरतं, आणि उंच होलोंग झाडांवरून ते गाणं चढत जातं. त्या छोट्याशा जंगलाच्या मधून रेल्वे जाते. गिबन सहसा जमिनीवर उतरत नाहीत, म्हणून रुळांच्या अलीकडची आणि पलीकडची कुटुंबं एकमेकांपासून तुटली आहेत. आमच्या चमूतले सगळे गाडी येऊन गेली की पुन्हा सुरुवातीपासून टेक घ्यायचे. मी गाडीसकट एक पूर्ण टेक ठेवला. गाडी जवळ येते, गाणं चालू राहतं, गाडीच्या खडखडाटात बुडतं, आणि गाडी ओसरल्यावर पलीकडच्या बाजूने दुसऱ्या जोडीचा आवाज येतो. रूळ त्या जंगलाचं काय करतात ते या टेकमध्ये आहे, स्वच्छ टेकमध्ये नाही. माहितीपटात अर्थातच स्वच्छ टेक लागला.

तेव्हापासून माझ्या फाइलींच्या नावात मी रस्ता लिहितो. ‘हुप्प्या, चिंच, पहाट, हायवे उत्तरेला, मोटारी बंद.’ सहकारी हसतात. अशा फाइलींना गिऱ्हाईक जवळजवळ नाही.

एक गिऱ्हाईक मात्र घरातच निघालं. हरभरा घाटे धरायच्या बेताला आला की टोळी उतरते आणि वरचे शेंडे खुडून नेते. मामांनी बाजारातून बॅटरीवरचा भोंगा आणला. असे भोंगे आता सगळ्या शिवारांत असतात, त्यात माणसाचं ओरडणं भरून रात्रभर फिरतं ठेवतात, रानडुकरांसाठी. वानरं दोन दिवसांत त्याला सरावली. मग मामा मला म्हणाले, “तुह्यापाशी त्यांचं कुत्र्यावर ओरडणं आहे ना? ते घाल ह्याच्यात. त्यांचंच त्यांना ऐकू दे.” आवाज वाजवून प्राण्याला फसवू नये असा आमच्यातल्या शहाण्यांचा दंडक आहे आणि तो मला मान्यही आहे, पण हरभरा माझा नव्हता. भरून दिलं. पहिल्या सकाळी टोळी खरोखर झाडावर चढली. दुसऱ्या सकाळी चढली, पण लवकर उतरली. तिसऱ्या सकाळी कार्डातला पुढचा तुकडाही वाजू लागला, कारण तो कापायचा मी राहू दिला होता. त्या तुकड्यात जुन्या हुप्प्याची हाक होती.

नवा हुप्प्या चिंचेवरून उतरला, सरळ भोंग्याच्या खांबाशी आला, खांबावर चढला आणि भोंग्याच्या तोंडाशी तोंड नेऊन त्याने उत्तर दिलं. इतकी भरघोस हाक मी त्याच्याकडून आधी ऐकली नव्हती. तो वर गुंतलेला असताना माद्या आणि पोरं हरभऱ्यात पसरली, निवांत. मामांनी भोंगा बंद केला, मला एक शब्द बोलले नाहीत आणि घरातून गोफण घेऊन आले. मी रेकॉर्डर चालूच ठेवला होता. गोफणीचा फटका फार सुरेख आला आहे, मागे नांदेडकडे जाणाऱ्या एस.टी.सकट.